मातीचा किल्ला आणि भट्टीची वीट

अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत तो आमचा नेम होता. सकाळी किल्ल्यात जाऊन यायचे आणि दुपारी अंगणात किल्ला करायला बसायचे. पण एक गंमत आता लक्षात येते. सकाळी आम्ही पाहून येत असू तो समुद्रातला किल्ला, आणि दुपारी अंगणात मात्र डोंगर उभा राही. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेले बारदान, वर सिंहासन, खाली गुहा, उतारावर पेरलेले अळीव आणि मोहरी. पुढे कोणीतरी डॉक्टरांकडून सलाईनची नळी मिळवली आणि तळ्यात कारंजेही आले. समोर कुलाबा, खांदेरी, उंदेरी असताना समुद्रकिल्ला करावा असे आमच्यापैकी कोणाला वाटले नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही कधी विचारली नाही. किल्ला कोणी घेतला, कोणी राखला, कोणी फितुरीने दिला हे आम्हाला पाठ होते. तो बांधला कोणी, हा प्रश्न आमच्या खेळात नव्हता. तो प्रश्न मला पन्नाशीनंतर एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने घातला, तोही त्याच्या नकळत. हा लेख त्या प्रश्नाचा माग काढताना झाला आहे.

आधी माझ्याविषयी दोन शब्द सांगतो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बांधकाम साहित्याच्या एका दुकानात गेली तीस वर्षे हिशेब लिहितो. रेती ब्रासने, सिमेंट गोणीने आणि वीट हजाराने, ही माझी रोजची भाषा. संध्याकाळी आणि रविवारी वाचनालयात बसून या किनाऱ्याच्या इतिहासाची कागदपत्रे वाचण्याचा नाद लागला, त्यालाही पंचवीस वर्षे झाली. वह्या भरल्या आहेत. त्या वह्यांचा आणि दुकानाच्या खतावणीचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मात्र मला वाटले नव्हते.

*

आमच्या गावातले एक मंडळ दर दिवाळीला पेणच्या बाजूच्या एका कातकरी वाडीत फराळ आणि कपडे वाटायला जाते. दोन वर्षांपूर्वी मी सुचवले की नुसते वाटप करण्यापेक्षा वाडीतल्या मुलांबरोबर किल्ला करू. मुलांना हाताने काही उभे करण्याचा अनुभव मिळेल आणि इतिहासही कळेल. कल्पना सगळ्यांना आवडली. वसुबारसेच्या दिवशी टेम्पोत लाल मातीची पोती, बारदाने, गेरू आणि प्लास्टरचे मावळे घालून आम्ही निघालो. मी खांदेरीच्या लढाईवर बोलायची तयारी करून गेलो होतो.

बोललो. मुलांनी ऐकले. मग माती कालवायला घेतली, आणि पाच मिनिटांत एक मुलगी म्हणाली, "काका, ही माती नाय टिकायची. तडकंल. तूस टाकाय पाहिजे."

तिने धावत जाऊन घरातून भाताचा तूस आणला. दुसऱ्याने पाणी किती घालायचे ते सांगितले आणि तिसरा चिखल पायांनी तुडवू लागला. टाच कशी फिरवायची, खडे कसे निवडायचे, गोळा कधी 'आला' असे म्हणायचे, यांतले काही त्यांना शिकवावे लागले नाही. आम्ही आणलेला डोंगराचा बेत त्यांनी बाजूला ठेवला. काडेपेटीच्या रिकाम्या खोक्याचा साचा करून त्यांनी विटा पाडायला सुरुवात केली. जमिनीवर राख भुरभुरायची, त्यावर ओळीने वीट टाकायची, थोडी सुकली की ती कडेवर उभी करायची. उन्हात तासा-दोन तासांत ती बोटभर वीट उचलण्याजोगी झाली आणि तिचा गोल बुरूज चढू लागला.

बुरूज गुडघ्याएवढा झाल्यावर एका मुलाने त्याच्या तळाशी भोके ठेवायला सुरुवात केली. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "आग कुठून घालायची मग?"

मंडळातली माणसे हसली. मीही हसलो आणि म्हणालो, "अरे, हा किल्ला आहे, भट्टी नाही." त्याने माझ्याकडे पाहिले आणि निमूटपणे भोके बुजवली.

परतताना टेम्पोत फोटो पाहणे चालू होते. मुलांच्या चिखलाने माखलेल्या हातांचे फोटो सुरेख आले होते. मला मात्र ते बुजवलेले भोक दिसत राहिले. ज्यांना आम्ही 'हाताने काम करण्याचा अनुभव' द्यायला गेलो होतो, त्यांच्या हातांना तो अनुभव आमच्यापेक्षा कितीतरी जास्त होता. त्यांचे आईबाप विटा पाडतात, आणि मुलेही वीट पालटायला, राख टाकायला त्यांच्या हाताशी असतात. आमच्या दुकानात येणारी वीट याच पट्ट्यातल्या भट्ट्यांवरची. तीस वर्षे मी तिचे हजार मोजत होतो. तिच्यावर कोणाचे हात फिरले असतील, हे खतावणीत लिहायला रकाना नसतो.

*

त्या मुलाचे चुकले होते का, हे पाहायला मी पुन्हा वह्या काढल्या.

या किनाऱ्यावरचे तीन समुद्रकिल्ले तीन तऱ्हांनी बांधलेले आहेत. कुलाबा किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. त्याच्या तटाचे प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचले आहेत, त्यांत चुना नाही. लाट येते, तिचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. घट्ट भिंतीला जो मार बसला असता, तो या तटाला बसत नाही.

मुरूडसमोरच्या कासा खडकावरील पद्मदुर्गाची तऱ्हा याच्या उलट. तिथे चुना सढळ हाताने वापरला आहे, आणि साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्या-पाण्याने दगड झिजून आत गेले, तरी त्यांच्यामधला चुना अजून जागच्या जागी आहे. मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरे आणि भोवती चुन्याच्या कडा, असे त्या तटाचे रूप दिसते. दगडापेक्षा दगड सांधणारा माल टिकला.

हा चुना आला कुठून? तो भाजावा लागतो. चुनखडी असो वा किनाऱ्यावरचे शिंपले, भट्टी लावून ते भाजायचे, मग विरवायचे आणि नंतर घाणीत मळायचे. दगडी गोल चर, त्यात बैलांनी फिरवलेले दगडी चाक, अशा चुन्याच्या घाण्या आपल्या अनेक किल्ल्यांवर आजही दिसतात. त्यांच्याजवळ उभे राहून आपण फोटो काढतो आणि पुढे जातो. पण चुन्यात बांधलेल्या किल्ल्याचा पहिला चिरा बसण्याआधी कुठेतरी भट्टी पेटलेली असते. आग कुठून घालायची, हा प्रश्न किल्ला बांधणाऱ्याचाच प्रश्न आहे. किल्ला पाहणाऱ्याला तो पडत नाही. त्या मुलाचे चुकले नव्हते, चुकले होते ते माझे.

पद्मदुर्गाविषयी शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. ते जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले आहे. सिद्दीच्या राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी उभी केल्याचा अभिमान त्यात आहे, म्हणून आपण ते वाचतो. पण पत्राचे कारण अभिमान नसून रसद आहे. पद्मदुर्गाच्या कामासाठी आरमाराकडे जी रक्कम आणि जे धान्य पोचायला हवे होते, ते सुभेदाराने पोचवले नाही आणि काम खोळंबले. त्यावर महाराजांनी त्याला अत्यंत कडक शब्दांत फटकारले. बांधणाऱ्याच्या पोटात अन्न नसेल तर तट चढत नाही, हे त्या पत्राचे साधे म्हणणे आहे. ऐन समुद्रात, शत्रूच्या तोफांसमोर काम करणाऱ्या माणसाचा शिधा अडवणे म्हणजे शत्रूला सामील होणे, इतक्या गांभीर्याने ते घेतले गेले आहे.

तिसरा किल्ला खांदेरी. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पाऊस पुरता ओसरलेला नसताना, मायनाक भंडारी माणसे घेऊन या बेटावर उतरला आणि तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली, पुढे सिद्दीचे आरमारही आले. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून आणि रात्रीच्या अंधारातून सटकत बेटावर सामान पोचवत राहिल्या. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग जमेना. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला केला. त्या लढाईत इंग्रजांचे एक गुराब मराठ्यांच्या हाती लागले. हे सारे चालू असताना बेटावरचे काम थांबले नाही. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला. सिद्दीने शेजारचे उंदेरी घेतले, पण खांदेरी उभा राहिला.

ही कथा आपण आरमारी लढाई म्हणून सांगतो. मी वाडीतही तशीच सांगितली. पण नीट पाहिले तर खांदेरीची लढाई हे एक बांधकाम आहे. रोज भिंत किती चढली, यावर तिचा निकाल लागला. मायनाक भंडाऱ्याचे नाव राहिले, दौलतखानाचे राहिले. त्या दोन-चार महिन्यांत चिरे वाहणारे, गारा कालवणारे, होडीतून दगड उतरवणारे जे हात होते, ते पाथरवट, बेलदार, गवंडी, कोळी अशा जातींच्या आणि धंद्यांच्या नावांमागे राहून गेले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आमच्या जिल्ह्यातले दोन आहेत, रायगड आणि खांदेरी. आनंद झालाच. पण वारसा म्हणताना आपण घेणाऱ्याचा आणि राखणाऱ्याचा वारसा धरतो. बांधणाऱ्याचाही वारस कोणी असेलच ना?

*

मुलांना माती देऊन शिकवण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना मांडली. तीच पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेले.

कोसबाडचा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. विकतची महागडी साधने खेड्यात परवडत नाहीत हे पाहून या बायकांनी शिंपले, बिया, पाने, माती यांतून साधने घडवली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. मुले गुरे राखायला कुरणात जातात, तर शाळा तिथे न्यावी, म्हणून कुरणशाळा. मुलाला त्याच्या कामातून ओढून काढून आपल्या खेळात बसवायचे नाही, तो जिथे आहे तिथली वेळ आणि तिथली वस्तू ओळखायची. आम्ही तर वाडीत लाल मातीची पोती घेऊन गेलो होतो, जणू वाडीत मातीच नव्हती.

बाहेरच्या जगातही असा एक दाखला आहे. डेन्मार्कचे सोरेनसेन हे उद्यानरचनाकार. आपण आखलेल्या नेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुलांना बांधकामाच्या जागेवरचा पसारा जास्त आवडतो, हे त्यांनी हेरले. १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे मुलांसाठी एक मैदान सुरू झाले. तिथे फळ्या, विटा, मोडके सामान आणि हत्यारे ठेवलेली असत. मुले तिथे घरे बांधत आणि पाडत. युद्ध संपल्यावर लेडी ॲलन या इंग्रज बाईंनी ते पाहिले आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या मोकळ्या जागांवर तशी मैदाने उभारण्याचा ध्यास घेतला.

एम्ड्रुपच्या मुलाला वीट म्हणजे खेळ. आमच्या वाडीतल्या मुलाला वीट म्हणजे घरातला धंदा. हातातली वस्तू एकच, पण एकाला ती मोकळे करते आणि दुसऱ्याला बांधून ठेवते. फरक विटेत नाही. ती पाडल्यावर कोणाची होते, यात आहे.

*

कातकरी म्हणजे कात पाडणारे. खैराची झाडे तोडून कात काढणे हा त्यांचा धंदा होता. राखीव जंगलांचे कायदे आले, खैर हातचा गेला, आणि कोळसा पाडणे, शेतमजुरी, वीटभट्टी असे करत ही जमात वाडीत टिकून राहिली. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी ही एक आहे, उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, लेकरांसारखी वाढवलेली झाडे नेली तर रयतेच्या दुःखाला पार राहत नाही, असे बजावले आहे. कातकऱ्याच्या खैराविषयी पुढच्या राज्यांत तसे बजावणारा कोणी भेटला नाही.

भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. त्यासाठीची उचल मात्र आधीच, पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा आणि गणपतीच्या सुमारास घेतलेली असते. एकदा उचल अंगावर आली की दिवाळीनंतर टेम्पो वाडीत येतो आणि कुटुंबे भांडी-कुंडी, कोंबड्या, पोरे घेऊन भट्टीवर जातात. शाळेच्या हजेरीपटावर नाव राहते, मूल राहत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा, शिक्षणहक्काचा अंमल १ एप्रिल २०१० पासूनचा, पण उचलीची तारीख त्या दोन्हींच्या आधीची आणि अजून चालूच. नव्वदच्या दशकात ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्टीवरच, मजुरांच्या भोंग्यांजवळ शाळा भरवल्या. त्या भोंगाशाळा म्हणून ओळखल्या गेल्या. कोसबाडच्या कुरणशाळेचीच ती पुढची पायरी होती.

हे सारे वाचल्यावर आमचा मुहूर्तच चुकला होता, हे माझ्या लक्षात आले. दान देणाऱ्याचे पंचांग त्याच्या सणाप्रमाणे चालते, आणि मजुराचे पंचांग भट्टीप्रमाणे. आम्ही दिवाळीला जातो तोवर सगळे ठरून गेलेले असते. जायचे तर श्रावण-भाद्रपदात जायला हवे, जेव्हा पाच-सात हजारांच्या उचलीवर पुढचे सहा महिने विकले जातात.

मागच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी हे मांडले. चर्चा बरीच तापली. "उचल फेडणे हे आपले काम नाही," असे एकजण म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. "फराळ वाटला तर निदान तोंड तरी गोड होते." शेवटी एवढे ठरले की फराळाचा निम्मा खर्च भाद्रपदात वाडीतल्या धान्यासाठी वळवायचा, आणि मोठी माणसे भट्टीवर गेली तरी मुले मागे राहू शकतील, यासाठी हंगामी वसतिगृहाचा अर्ज शाळेतून करवून घ्यायला मदत करायची. गेल्या हंगामात चार मुले आजीजवळ वाडीत राहिली. बाकीची गेली. आकडा लहान आहे, तो मी फुगवून सांगत नाही. हिशेबनिसाला ते शोभत नाही.

*

त्या पहिल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मी एकदा एकटाच वाडीत गेलो होतो. दारे ओढलेली होती. एक म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. "गेली सगळी," ती म्हणाली.

किल्ला जागेवर होता. तूस घातलेल्या विटांना एकही तडा गेला नव्हता. आम्ही नेलेले प्लास्टरचे मावळे मात्र दवाने विरघळून पडले होते. कोणीतरी उतारावर मोहरी टाकली होती, ती वीतभर वाढून पिवळी पडत चालली होती. आणि बुरुजाच्या तळाशी भोके पुन्हा उघडलेली होती. आत थोडी राख आणि अर्धवट जळालेल्या काटक्या दिसल्या. आम्ही गेल्यावर त्या पोराने आग घालून पाहिली होती. खालच्या दोन थरांच्या विटा भाजून चांगल्या लाल झाल्या होत्या.

मी त्यांतली एक निघते का पाहिले. ती पक्की बसली होती, मग तशीच राहू दिली. त्या विटा कोणाच्या उचलीत वळत्या होणार नव्हत्या, त्यांचा हजार कोणी मोजणार नव्हते. त्या पोरांनी त्या स्वतःसाठी पाडल्या होत्या.

पुढच्या सोमवारी दुकानात विटांची गाडी आली. मी खतावणी उघडली, तारीख घातली आणि लिहिले, 'वीट, ३०००'. शेजारचा भावाचा रकाना भरताना हात जरा थांबला. मग तोही भरला.